काळ्या पेटीतलं डिस्चार्ज बुक

वाचकाचं पत्र, थोडक्यात : इंदूरच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ५३. वडील त्यांच्याकडेच असतात. जानेवारी १९६४ मध्ये ते फौजेत भरती झाले. सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या दळणवळण विभागात, लाइनमन होते, १९८१ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. १९७१ च्या लढाईत राजस्थानच्या आघाडीवर होते. पाच महिन्यांनी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी त्यांची सगळी पदकं चौकटीत बसवून अचानक पुढं ठेवायची, असं ताईंच्या मनात होतं. म्हणून त्यांनी बाबांची काळी पेटी उघडली. फौजेतून बाहेर पडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात पदकं निघाली दोनच : १९६५ च्या लढाईचं रक्षा मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं लाँग सर्व्हिस मेडल. १९७१ च्या पश्चिम आघाडीसाठी दिलेल्या पश्चिमी स्टारचा पत्ता नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं तर बाबा म्हणाले, "जाऊ दे. ज्यांना मिळायला हवं होतं ते तिकडंच राहिले." पुण्याचा भाऊ म्हणतो, यातून एक पैसा मिळणार नाही, कशाला वणवण? यजमान म्हणतात, छावणीतल्या दुकानात हुबेहूब स्टार मिळतो, आणून टाकू. शेजारचे काका म्हणतात, कोर्टात जा, वीर चक्र पण मागा. ताई विचारतात : "माझ्या वडिलांवर झालेला अन्याय पाच महिन्यांत कसा दूर करू?" सोबत बाबांच्या नोकरीतल्या तारखांचा एक कागद जोडलाय.

ताई,

तुमच्या प्रश्नातला 'अन्याय' हा शब्द जरा वेळ बाजूला ठेवू या. अन्याय म्हटलं की करणारा कुणीतरी लागतो. तुम्ही पाठवलेला तारखांचा कागद पाहून मला जे दिसतंय त्यात एक टाइपरायटर आहे, एक दमलेला कंपनी क्लार्क आहे आणि कावीळ झालेला एक लाइनमन आहे. खलनायक काही सापडत नाही.

तुम्ही फक्त पश्चिमी स्टारचं लिहिलंय. पण तुमचा कागद आणि डिस्चार्ज बुकातली यादी शेजारी ठेवली तर गळलेली पदकं तीन दिसतात. पश्चिमी स्टार हे एक. दुसरं संग्राम मेडल. तेही १९७१ च्याच लढाईचं, पण त्याचं वर्तुळ स्टारपेक्षा पुष्कळ मोठं. स्टार हा प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांचा. तिसऱ्याचं नाव तुमच्या पत्रात कुठंच नाही आणि माझ्या मते तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पत्ता तोच आहे : स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेवेत होता त्याच्यासाठी ते होतं. त्याला आघाडी लागत नाही, गोळीबार लागत नाही. बाबा १९६४ ते १९८१ सलग नोकरीत होते, म्हणजे त्या दिवशीही होतेच. मग ते पदक यादीत का नाही?

आता तुमचाच कागद परत वाचा. जानेवारी १९७२, कावीळ, मिलिटरी हॉस्पिटल. मग आजारपणाची रजा, इंदूरला. मे १९७२, बरे होऊन जुन्या युनिटात न जाता ईशान्येकडच्या दुसऱ्या युनिटात हजर. डिस्चार्ज बुकात जे आहे ते १९६५ चं आणि १९७३ चं. जे नाही ते सगळं या दोन्हींच्या मधलं, एकाच खड्ड्यात पडलेलं.

फौजेत जवानाच्या बाबतीत जे काही घडतं, रजा, बढती, लग्न, मूल, बदली, दवाखाना, त्याची युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथं त्याच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या मूळ नोंदपत्रकात, चढते. (तुमचा जन्म १९७३ चा. म्हणजे तुमच्या नावाचीही अशी एक ऑर्डर निघालेली असणार. ज्या कागदाच्या शोधात तुम्ही आहात त्यात तुम्ही स्वतःही आहात.) पदकाचंही तसंच. आणि लढाई संपली की दुसऱ्या दिवशी पदक छातीवर येत नसतं. आधी सरकार ते ठरवतं, मग युनिटं पात्र माणसांच्या याद्या करतात, मग कोलकात्याच्या टांकसाळीतून ती घडून येतात. या सगळ्याला वेळ जातो. तेवढ्यात माणूस जुन्या युनिटाच्या हजेरीवरून उतरलेला असतो. जुनं युनिट म्हणतं तो आता आमचा नाही, नवं म्हणतं तेव्हा तो आमच्याकडं नव्हता. हा माझा अंदाज आहे. पण तीन पदकं एकाच काळातली गळावीत याला दुसरं सोपं कारण मला दिसत नाही.

हे एवढं लांबण लावलं कारण यानं तुमच्या अर्जाचा सूरच बदलतो. "माझ्या शूर वडिलांना डावललं" असं लिहिलंत तर वाचणारा कारकून सावध होतो. "जानेवारी ते मे १९७२ मध्ये हॉस्पिटल व बदलीमुळे या काळातल्या पदकांच्या नोंदी राहिल्या असाव्यात, कृपया तपासावं" असं लिहिलंत तर त्याला नेमकं कुठलं पान उघडायचं ते कळतं. आणि सुरुवात पंचविसाव्या वर्षाच्या पदकापासून करा. ते तारखेनंच सिद्ध होतं. ते गळलंय हे एकदा त्यांनी मान्य केलं की बाकीच्या दोन्हींकडं बघायची त्यांची नजर बदलेल.

आता थोडं कडू. स्टार मिळेलच असं धरून बसू नका.

पश्चिम आघाडीवर लढाई चालली ती ३ ते १७ डिसेंबर १९७१. स्टारसाठी माणूस त्या दिवसांत ठरवून दिलेल्या क्षेत्रात असावा लागतो. तुम्ही लिहिता, बाबा "बाडमेर, गदरा रोड, खोखरापार" अशी नावं घेतात. नावं अगदी त्या आघाडीचीच आहेत. ११ इन्फंट्री डिव्हिजन मुनाबाव-खोखरापारच्या रेल्वेच्या अंगानं वाळवंटातून पाकिस्तानातल्या नया छोरच्या दिशेनं सरकली, वाटेत परबत अलीची टेकडी घेतली. तो सगळा भाग दक्षिण कमांडकडं होता आणि कमांडचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर, जे पुढं लष्करप्रमुख झाले. पुढं जाणाऱ्या पलटणींच्या मागं टेलिफोनची तार वाळूतून ओढत नेणं हे लाइनमनचं काम. रणगाडा वरून गेला की तार तुटते, मग रात्री जाऊन तुटलेलं टोक शोधायचं. बाबांनी हे केलं असेल यावर माझा विश्वास आहे. पण घरात सांगितलेल्या गोष्टीत तीन गावं एका दमात येतात, नोंदीला मात्र एक जागा आणि एक तारीख लागते. पन्नासहून जास्त वर्षांनी माणसाला वाळू आठवते, थंडी आठवते, तारीख आठवत नाही. शिवाय त्यांची तुकडी त्या पंधरा दिवसांत मागच्या ठाण्यावर ठेवलेली असेल आणि खोखरापारला ती युद्धबंदीनंतर गेली असेल, असंही होऊ शकतं. जिंकलेल्या मुलखात आपली फौज पुढं कितीतरी महिने होतीच.

तसं निघालं तर? रेकॉर्ड ऑफिसनं लेखी कळवलं की स्टारला पात्र नाहीत, बाकी दोन देतो, तर तुम्ही ते घरात कसं सांगाल? अर्ज टाकायच्या आधी याचा विचार करा. कारण आत्ता तुमच्या घरात 'द्यायला हवा होता, दिला नाही' अशी एक गोष्ट आहे. ती चौकशीत टिकेलच याची हमी नाही. बाबांना कदाचित हे ठाऊक असेल.

म्हणून वळते बाबांच्या वाक्याकडं. तुम्ही ते पत्रात एकदाच लिहिलंय आणि लगेच पुढच्या ओळीत चौकटीच्या लाकडाबद्दल विचारलंय. "ज्यांना मिळायला हवं होतं ते तिकडंच राहिले." ताई, हे वाक्य 'जाऊ दे'चं स्पष्टीकरण नाही. ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती त्यांनी तुम्हाला सांगायला घेतली होती. तुम्ही 'बाबा नेहमीसारखं मोठेपणानं सोडून देतायत' असा अर्थ लावलात. तसं असेलही. पण बरोबर तार ओढताना शेजारचा माणूस गेला असेल, आणि तो गेल्यावर आपण पदक लावून मिरवावं हे त्यांना पटत नसेल. किंवा उलटं. इतकी वर्षं आत सल असेल आणि मागून घ्यायचा स्वभाव नसल्यामुळं 'जाऊ दे'चं पांघरूण घातलं असेल. मी दोन्ही प्रकारचे निवृत्त फौजी पाहिलेत, आणि बाहेरून ते अगदी सारखे दिसतात.

कळायचा एकच मार्ग आहे, विचारणं. पण पदकाबद्दल नको. संध्याकाळी चहा घेऊन बसा, नातवंडं आसपास नसताना, आणि विचारा, "बाबा, तुमच्या तुकडीत बरोबर कोण कोण होतं?" मग गप्प बसा. नावं येतील, टोपणनावं येतील, कुणी साताऱ्याचा, कुणी सागरचा. तारीख दुरुस्त करायला मध्ये पडू नका. त्यांना हरकत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पण आधी विचारून. याचा एक व्यवहारी फायदाही आहे. त्यातला एखादा सोबती अजून असेल, आणि 'अमुक हवालदार डिसेंबर १९७१ मध्ये माझ्याबरोबर अमुक ठिकाणी होता' असं त्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर अर्जाला जोर येतो.

एवढं झाल्यावर त्यांना सरळ सांगा : मी अर्ज करायचा म्हणतेय, तुमची सही लागेल. म्हणजे ते अचानक द्यायचं प्रकरण बारगळलंच. बाबा हयात आहेत, शुद्धीवर आहेत, तेव्हा अर्जदार तेच. त्यांच्या नकळत तुम्ही अर्ज टाकलात तर तो सहीसाठी परत येईल, आणि तेव्हा त्यांना जे वाटेल ते सहस्रचंद्रदर्शनाच्या आनंदात बसणारं नसेल. ते नाही म्हणाले तर नाही. इथं मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही. नोंद त्यांची आहे.

यजमानांच्या दुकानाबद्दल. मिळतो, हुबेहूब मिळतो. इंदूरजवळच्या महू छावणीतच कशाला, कुठल्याही छावणीच्या बाजारात वर्दीचं सामान विकणारे पदकंही ठेवतात, कारण सेवेतले लोक स्वतःच्या हक्काच्या पदकांच्या प्रतिकृती लावायला घेतात. हक्क नोंदीत असेल तर त्यात काही वावगं नाही. पण ज्याची नोंद नाही तो स्टार विकत आणून एका जुन्या हवालदाराच्या समोर ठेवणं... तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. तरी मला वाटतं ते चौकट हातात घेतील, छान म्हणतील आणि नंतर कधी त्या भिंतीकडं बघणार नाहीत. यजमानांना राग येऊ न देता हे सांगायचं काम तुमचं.

शेजारच्या काकांचं लवकर आटपते. वीर चक्र शौर्यासाठी असतं. त्यासाठी त्याच वेळी वरिष्ठांनी शिफारस केलेली असावी लागते, आणि दिलेलं वीर चक्र भारताच्या राजपत्रात छापून येतं. ते नोंद 'दुरुस्त' करून मिळत नाही. अर्जात त्याचा उल्लेखही करू नका, खरी मागणी हलकी पडते.

भाऊ म्हणतो ते खरं आहे. शौर्यपदकांना भत्ता असतो, या सेवापदकांना नसतो. पेन्शनमध्ये एका रुपयाचाही फरक पडणार नाही. हे मान्य करून टाका, भांडण अर्धं होईल. त्याच्या 'कशाला'ला तुमचं उत्तर काय ते मात्र तुम्हालाच शोधायला हवं, आणि ते 'बाबांसाठी' असं असेल तर वरचा चहा आधी.

समजा बाबा 'कर बाई' म्हणाले. मग पुढं असं.

डिस्चार्ज बुक ही जवानाच्या हातातली प्रत. अस्सल नोंद शीट रोलमध्ये, आणि सिग्नल्सच्या जवानांचे शीट रोल जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड्समध्ये. तेव्हा आत्ताच 'नोंद नाही' असं म्हणू नका, 'डिस्चार्ज बुकात नाही' एवढंच म्हणा. असंही निघतं की शीट रोलमध्ये पदक चढलेलं आहे, बुक लिहिताना क्लार्कच्या हातून सुटलं. किंवा नोंदही आहे, पदकही आलेलं, पण ते जुन्या युनिटाच्या पत्त्यावर जाऊन परत फिरलं. की खरंच काही चढलंच नाही? या तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात दोन ओळींचं पत्र पुरतं, दुसऱ्यात पदक पाठवा एवढीच विनंती, तिसऱ्यात पुरावे. कुठला प्रकार हे कळायच्या आत प्रतिज्ञापत्रांवर खर्च करू नका आणि ओव्हरनाइट एक्स्प्रेस पकडून जबलपूरलाही पळू नका. तिथल्या गेटवर तुम्हाला सांगतील, अर्ज पाठवा.

अर्ज एका पानाचा, हिंदीत चालेल. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, ट्रेड, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, डिसेंबर १९७१ मधलं युनिट, मे १९७२ नंतरचं युनिट, हॉस्पिटलचा काळ. मग चार गोष्टी मागा : शीट रोलमधल्या पदकांच्या नोंदीची प्रमाणित प्रत द्यावी, या तीन पदकांची पात्रता तपासावी, पात्र असल्यास नोंद करून पदकं पाठवावीत, नसल्यास कारण लेखी कळवावं. शेवटचं वाक्य विसरू नका. त्यामुळं उत्तर 'नाही' आलं तरी ते हातात धरता येतं. सोबत डिस्चार्ज बुकाच्या पानांच्या आणि पीपीओच्या (पेन्शनच्या आदेशाच्या) झेरॉक्स. मूळ प्रत कुणालाही, कुठल्याही टेबलावर, द्यायची नाही.

नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहा. हे मराठी घरांत फार नडतं. भरतीच्या वेळी कुणीतरी हिंदीत ऐकलं आणि इंग्रजीत लिहिलं, त्यात वडिलांचं नाव गेलं, आडनावाच्या जागी 'राव' आला. माझ्या एका मामांचं नाव आयुष्यभर फौजेत वेगळं आणि घरात वेगळं होतं. ते म्हणायचे, फौजेतला तो दुसरा माणूस माझ्यापेक्षा शिस्तीचा आहे. तुम्ही आधारवरचं नाव लिहिलंत तर रेकॉर्डवाले तो माणूस शोधतील आणि तो त्यांना सापडणार नाही. आधारमध्ये फरक असेल तर एका ओळीत खाली नोंदवा.

अर्ज आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवा. ते पुढं पाठवण्याचं पत्र जोडतात, आवक-जावक क्रमांक पडतो, आणि तिथले बहुतेक लोक स्वतः फौजी असल्यामुळं बाबांशी त्यांच्या भाषेत बोलतात. बाबांना बरोबर न्या. एक प्रत तुम्ही स्वतंत्रपणे स्पीड पोस्टानं जबलपूरला पाठवा आणि पावती डिस्चार्ज बुकात ठेवा. पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर ही तक्रार टाकू नका. पेन्शनवाल्यांचा पदकांशी संबंध नाही, नुसताच कागद फिरेल.

दोनअडीच महिने काहीच आलं नाही तर एक स्मरणपत्र, आणि मग माहितीचा अधिकार. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, केंद्राच्या खात्यांसाठी ऑनलाइनही करता येतो. अर्ज बाबांच्याच नावानं, कारण दुसऱ्याची खासगी नोंद म्हटलं की नकार सोपा होतो. पण माहितीच्या अधिकारात फक्त माहिती मिळते, दुरुस्ती होत नाही. त्यात 'का दिलं नाही?' विचारू नका. 'माझ्या शीट रोलच्या पदकांच्या पानाची प्रत' आणि 'डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ मधल्या माझ्या पार्ट टू ऑर्डरींच्या नोंदी' मागा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं दुसरं. दुरुस्तीसाठी तक्रार करायची तर केंद्र सरकारचं सीपीग्राम्स पोर्टल आहे.

कोर्ट म्हणजे इथं सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक पीठ जबलपूरलाच आहे. अंतिम निर्णयानंतर सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. तो रस्ता आहे हे ठाऊक असू द्या, पण रेकॉर्ड ऑफिसला अजून एक साधं पत्रसुद्धा न पाठवता वकील गाठणं मला पटत नाही. ८० वर्षांच्या माणसाला तारखांना उभं करायचं का, हा प्रश्न मग वेगळा विचारा.

पुराव्यांपैकी एक तुमच्या घरातच असेल. आईनं पत्रं ठेवली आहेत का? त्या काळची फौजेतून आलेली पत्रं '५६ ए.पी.ओ.' (आर्मी पोस्ट ऑफिस) अशा पत्त्याची असत आणि त्यावरच्या शिक्क्यात गावाचं नाव नसे, फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असे. डिसेंबर १९७१ चं एक जरी पाकीट निघालं तरी ते मोलाचं, कारण कुठल्या दिवशी कुठलं फील्ड पोस्ट ऑफिस कुठं होतं हे फौजेला शोधता येतं. पत्रातला मजकूर मात्र त्यांना दाखवायची गरज नाही, पाकिटाची झेरॉक्स पुरे. वर्दीतला जुना फोटो असेल तर छातीवरच्या पदकांच्या रिबिनी मोजा. १९७५ च्या फोटोत छातीवर दोनाऐवजी चारपाच रिबिनी असल्या तर युनिटनं हक्क मानला होता आणि फक्त कागद मागं राहिला, असा अर्थ निघतो.

अशाच अडचणीत असलेल्या इतर घरांसाठी थोडं. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणं असतं, राहत्या गावाप्रमाणं नाही : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, फौजेची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या ईएमईचं सिकंदराबादला. हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला, नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला. इंदूरच्या जुन्या घरांतून कुणी पणजोबा होळकरांच्या पायदळात होते असं सांगतात. ती पलटण संस्थानं विलीन झाल्यावर कुमाऊं रेजिमेंटची १५ वी बटालियन झाली, त्यामुळं धागा राजवाड्यापाशी शोधण्यापेक्षा रानीखेतला शोधावा. माणूस हयात नसेल तर पत्नी किंवा वारस अर्ज करू शकतात, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून. आणि पेन्शन न घेता लवकर बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत घाई करा, कारण त्यांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट केली जातात. उरतो तो लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांच्या नावांचं रजिस्टर, तो कायम जपतात, पण त्यात माणसाची माहिती चार ओळींचीच असते. तुमचे बाबा पेन्शनर आहेत, ती काळजी तुम्हाला नाही.

राहिले पाच महिने. माझ्या हिशेबानं ते पुरणार नाहीत. नोंद लवकर सापडली तरी पदक घडून हातात यायला किती लागतील ते कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, पदकांची थकबाकी ही जुनी गोष्ट आहे. तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाची तारीख आणि हा अर्ज यांची गाठ सोडवा. त्या दिवशी जी दोन पदकं आहेत ती लावा, रिबिनी नव्या घेऊन. आणि चहाच्या वेळी जी नावं निघतील त्यांच्यातलं कुणी हयात असेल, प्रवास करू शकत असेल, तर त्याला बोलवा. नसेल जमत तर व्हिडिओ कॉल लावून द्या आणि तुम्ही सगळे खोलीबाहेर जा. दिव्यांनी ओवाळणं अर्ध्या तासानं झालं तरी चालेल.

आज एवढंच करा : अर्ज एका कागदावर हातानं लिहून काढा, सहीची जागा मोकळी सोडा आणि पेटीत डिस्चार्ज बुकाखाली ठेवा. आर्मी नंबर पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला असेल. तरी तो बाबांनाच विचारा.